दुष्काळ सरल्यावर



मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत हे भाषण झाले तेव्हा मला पाऊण तास दिला होता. त्यातली दहा मिनिटे माइक दुरुस्त करण्यात गेली आणि पाच माझ्या परिचयात. छापण्यासाठी मजकूर लिहून द्या असे चिटणीसांनी सांगितले, तेव्हा टिपणे काढून बसलो आणि लक्षात आले की ज्यासाठी हा विषय निवडला तेच त्या संध्याकाळी राहून गेले. राहून गेले असे म्हणणेही खरे नाही. मी ते टाळले. इथे ते शेवटी लिहिले आहे.

मी साहित्याचा जाणकार नाही. उज्जैनच्या माधव नगरात, टॉवर चौकापासून चालत दहा मिनिटांवर, माझा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. त्याला पस्तीस वर्षे झाली. आम्ही सैतवाळ जैन, मूळ वऱ्हाडातले. आजोबा विनोद मिलमध्ये कारकुनीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत मालवी, दवाखान्यात हिंदी. वाचनाची सवय दवाखान्यानेच लावली. ॲलोपॅथीच्या डॉक्टरला रोग्यांमुळे वाचायला सवड होत नाही. आमच्यासारख्यांना ती पुरेशी मिळते.

माझी भाची पुण्याला संगणकाचे काम करते. सुट्टीत आली की माझ्या टेबलावर पुस्तके ठेवून जाते आणि अलीकडे ती सगळी एकाच जातीची असतात. जग मोडते. वीज जाते, दुकाने लुटली जातात, पोलीस दिसेनासे होतात आणि चार-दोन माणसे जगायला धडपडतात. आपण त्यांना तगून राहण्याच्या कथा म्हणू. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या २००६ सालच्या ‘द रोड’ या कादंबरीत एक बाप आणि त्याचा लहान मुलगा राखेने झाकलेल्या मुलखातून ढकलगाडी घेऊन चालत राहतात. वाटेत भेटणारा माणूस माणसे खाणाऱ्यांपैकी असू शकतो. मी ती दोन रात्रींत वाचली आणि तिसऱ्या रात्री झोप आली नाही.

या पुस्तकांचा प्रश्न ठरलेला असतो. रेशनचे दुकान, दवाखाना, पोलीस चौकी काढून घेतली तर माणसात काय उरते? विल्यम गोल्डिंग यांनी १९५४ साली ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये त्याचे उत्तर दिले. निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुले बघता बघता एकमेकांच्या जिवावर उठतात. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होते, तेव्हा मुलांविषयीचे त्यांचे मत अनुभवातून आले असावे. त्यांना उत्तर म्हणून हल्ली टोंगामधल्या सहा खऱ्या मुलांचा दाखला देतात. १९६५ साली ती वादळात सापडून अता नावाच्या ओसाड बेटावर जाऊन पडली आणि वर्षाहून अधिक काळ तिथे राहिली. एकाचा पाय मोडला, तेव्हा बाकीच्यांनी तो बांधला, त्याच्या वाटचे काम केले, आणि हाड नीट जुळून आले. म्हणजे एक पक्ष म्हणतो आत जनावर आहे, दुसरा म्हणतो आत माणूस आहे, आणि भाची व तिचे मित्र यावर रात्रभर भांडतात.

मला या भांडणात फार रस वाटेना. ज्या रोग्याला ताप आहे त्याचा स्वभाव तापात पाहून ठरवू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून कळलेले असते. पण एक गोष्ट खटकली. गोल्डिंगच्या बेटावर शेवटी आरमाराचा अधिकारी येतो आणि कादंबरी संपते. टोंगाच्या मुलांना १९६६ साली एक मासेमारी बोट दिसते आणि त्यांचीही गोष्ट तिथेच संपते. मुले घरी गेल्यावर आईसमोर कशी बसली, ज्यांनी मारले ते जेवताना काय बोलले, हे कोणी सांगत नाही. सुटका झाली की लेखकाचे काम झाले. आणि मला तर तिथूनच पुढचे हवे होते. ते सांगणारी एक कथा आमच्याच गावची आहे, हे मला पुष्कळ उशिरा सुचले.

भद्रबाहूंची कथा जैन घरात लहानपणी कानावर पडते. हरिषेणांचा ‘बृहत्कथाकोश’ हा दहाव्या शतकातला ग्रंथ, त्यात ती आहे. भद्रबाहू मुनी उज्जैनीत क्षिप्रेच्या काठी आलेले असतात. आहारासाठी एका घरी शिरतात तर घरात कोणी नाही, फक्त पाळण्यात एक तान्हे मूल. ते मूल बोलते आणि त्यांना ताबडतोब निघून जायला सांगते. संस्कृतात ‘लवकर’ला जो शब्द आहे तोच आमच्या नदीचे नाव आहे, हे मला प्रत्येक वेळी आठवते. भद्रबाहू ज्ञानी होते. त्यांना कळले की या मुलखात बारा वर्षे पाऊस नाही. संघ दक्षिणेकडे निघाला. कर्नाटकात श्रवणबेळगोळला चंद्रगिरीवर सुमारे इसवी सन ६०० चा एक शिलालेख आहे, त्यातही उज्जैनी, भद्रबाहूंनी सांगितलेले बारा वर्षांचे संकट आणि दक्षिणेकडे गेलेला संघ येतो. यातला इतिहास किती यावर विद्वानांत मतभेद आहेत. मी कथा म्हणून बोलतो आहे.

गेले त्यांचे गेले. कथा पुढे मागे राहिलेल्यांची होते. हरिषेणांनी हा भाग सिंधू देशात घातला आहे. त्यांच्यानंतर काही शतकांनी झालेल्या रत्ननंदींच्या ‘भद्रबाहुचरिता’त तो उज्जैनीतच घडतो. मी उज्जैनचा, म्हणून मला रत्ननंदी जवळचे. गावातले धनवान श्रावक मुनींना अडवतात. आमच्या कोठारांत धान्य भरपूर आहे, तुम्ही राहा, असा भरवसा देतात. बरेच मुनी राहतात. दुष्काळ पडतो. आजूबाजूच्या मुलखातून भुकेलेले लोक धान्याच्या वासाने शहरात येतात. एक दिवस आहार घेऊन परतणाऱ्या एका मुनीला ते गाठतात, त्यांचे पोट फाडतात आणि आतले अन्न खातात.

मॅकार्थी यांच्या कादंबरीतही इतके भयंकर दृश्य मला आढळले नाही. पण कथाकार तिथे दोन ओळीही थांबत नाही, आणि भुकेलेल्यांना राक्षसही म्हणत नाही. त्याचे लक्ष दारांकडे आहे. जेवणाच्या वेळी दार उघडे दिसले की भुकेलेले आत घुसतात, म्हणून श्रावक दिवसा दारे लावून घेऊ लागतात. मुनींना सांगतात की तुम्ही रात्री पात्र घेऊन या, अन्न मुक्कामी न्या आणि दिवसा खा. आता मुनीने पात्र बाळगायचे नाही, हाताच्या ओंजळीत, उभ्याने, दिवसा एकदाच घ्यायचे, हा नियम. पात्र आले. रात्री कुत्री भुंकतात म्हणून हातात काठी आली. एका रात्री अंधारात काठी आणि पात्र घेतलेली नग्न आकृती दारात पाहून घरातली गर्भवती बाई घाबरते आणि तिचा गर्भ पडतो. तेव्हा श्रावक म्हणतात, निदान एक अर्धे वस्त्र पुढे धरा. वस्त्र आले. प्रत्येक पायरीला कारण आहे आणि प्रत्येक कारण खरे आहे. मी ही कथा दहा वेळा वाचली असेल. इथे या माणसाने चुकीचे केले असे बोट ठेवण्याजोगी जागा मला सापडत नाही.

मग पाऊस पडतो. इंग्रजी कादंबरी इथे संपली असती. आमची कथा इथे रंगात येते. दक्षिणेकडे गेलेले मुनी परततात. वृद्ध आचार्य मागे राहिलेल्यांना सांगतात की आता पात्र ठेवा, काठी ठेवा, वस्त्र ठेवा, झाल्याबद्दल प्रायश्चित्त घ्या आणि मूळ वाटेवर या. काही जण येतात. काहींना ते नको असते. पोट भरलेले असते, सवय झालेली असते, आणि आता बारा वर्षांचा पायंडाही मागे असतो. रत्ननंदी सांगतात की चिडलेल्या शिष्यांनी त्या वृद्धाला काठ्यांनी मारून टाकले. दुष्काळाच्या बारा वर्षांत त्यांच्या हातून एक मुंगी मेल्याचेही कथेत नाही. खून झाला तो सुकाळात.

ही दिगंबर परंपरेची कथा आहे आणि ती श्वेतांबरांवर रोख धरून रचलेली आहे, हे लपवणे बरे नाही. श्वेतांबर परंपरा असे काही मानत नाही. त्यांच्याकडे दुष्काळ मगधात पडतो, साधू पांगतात, आणि सुकाळ आल्यावर पाटलीपुत्रात जमून कोणाला किती शास्त्र पाठ राहिले आहे ते एकमेकांना म्हणून दाखवतात. अकरा अंगे जुळतात, बारावे जुळत नाही. ते जाणणारे भद्रबाहू त्या वेळी नेपाळात साधनेत असतात. दोन्ही बाजूंच्या भांडणात माझ्यासारख्या वैद्याने पडू नये. मला एवढेच दिसते की दोघांच्याही कथेत दुष्काळ हा मधला भाग आहे. दोघेही विचारतात की पाऊस पडल्यावर तुम्ही कुठे होतात, आणि तुमच्याजवळ काय उरले होते.

आपल्या जुन्या वाङ्मयात या विषयाला नाव आहे, आपद्धर्म. महाभारताच्या शांतिपर्वात विश्वामित्राची गोष्ट येते, तिथेही बारा वर्षांचे अवर्षण आहे. भुकेने व्याकूळ झालेला ऋषी रात्री चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरायला शिरतो आणि चांडाळ जागा होऊन त्याला धर्म शिकवू लागतो. ती वादावादी मोठी गमतीची आहे, मूळातून वाचावी. पण माझ्या धंद्याच्या माणसाला जास्त जवळची वाटते ती छांदोग्य उपनिषदातल्या उषस्तीची गोष्ट.

कुरुदेशात पीक बुडालेले असते. कोणी म्हणतात गारांनी, कोणी म्हणतात टोळांनी. उषस्ती बायकोला घेऊन एका गावी येऊन राहतो. एक माहूत घुगऱ्या खात बसलेला असतो, त्याच्याकडे तो मागतो. माहूत म्हणतो, पानात आहेत त्या उष्ट्या एवढ्याच आहेत. उषस्ती म्हणतो, त्यातल्याच दे. तो देतो आणि वर आपले पाणीही पुढे करतो. उषस्ती पाणी नाकारतो, कारण ते उष्टे आहे. माहूत विचारतो की घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय? उषस्तीचे उत्तर असे की घुगऱ्या खाल्ल्या नसत्या तर मी मेलो असतो. पाणी मला दुसरीकडेही मिळेल.

आमच्या शास्त्रात मात्रेला फार महत्त्व आहे. हानेमान यांचा सगळा आग्रह कमीत कमी मात्रेचा. आमच्या मात्रांवर लोक हसतात, त्याची मला सवय आहे. पण उषस्तीने नियम मोडताना जी मात्रा मोजली ती मला आजवर वाचलेल्या कोणत्याही जगबुडीच्या कथेत भेटली नाही. त्या कथांतली माणसे एकतर नियम पाळतात किंवा सोडून देतात. हा माणूस पोटात आग असताना मोजतो आहे: इथपर्यंत जीव, इथून पुढे सोय. जीवापुरता मोडायचा, सोयीपुरता नाही.

इथे आमच्या परंपरेतली एक गोष्ट नोंदवतो, कारण इंग्रजी पुस्तकांत ती नसते. तिथे जगणे हे सर्वांत वरचे मूल्य धरलेलेच असते, वाद फक्त किंमतीचा. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सल्लेखनेची कारणे दिली आहेत, त्यात म्हातारपण आणि असाध्य रोगाबरोबर दुष्काळही आहे. म्हणजे ज्याला उपाय नाही अशा दुष्काळात व्रत ठेवून शांतपणे जाणारा माणूस त्यांनी हिशेबात धरला होता. हरिषेणांचे भद्रबाहू तसेच गेले. मला ते जमणार नाही, आणि माझ्या रोग्यांना मी ते सुचवणार नाही. तरी तो हिशेबात आहे म्हणून बाकीच्या आम्हा लोकांची मात्रा मोजता येते.

मराठीत सुकाळ येतो तेव्हा काय होते हे अण्णाभाऊ साठे यांनी लिहिले. ‘स्मशानातील सोनं’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर दगड फोडतो. खाण बंद पडते. एक दिवस राखेत सोने सापडते आणि तो मढी उकरू लागतो. प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंजतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि पुढे ती काढून टाकावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. काम आले तेव्हा काम करणारा हात गेला होता. मुंबईच्या कडेला झोपड्यांत राहणाऱ्या माणसाने हे लिहिले. विद्यापीठात बसून हा शेवट सुचला असता असे मला वाटत नाही.

आता टाळलेली गोष्ट.

२०२० साली आयुष मंत्रालयाच्या सूचनेत आर्सेनिकम अल्बम ३० चे नाव आले आणि माझ्या दवाखान्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा रांग लागली. त्या गोळ्यांचा वाद इथे नको. २०२१ च्या एप्रिलमध्ये लोकांना ज्याची गरज होती ते माझ्या औषधांच्या पेटीत नव्हते, एवढे खरे. त्या महिन्यात पत्नीला ताप आला. तपासणीत लागण निघाली. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजन ९५ दिसत होता, तो तीन दिवस ९५ च राहिला. मी घाबरलो. ओळखीने, दामदुप्पट अनामत भरून, एक बी-टाइप सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर मिळवला आणि जिन्याखाली ठेवून वर जुनी चादर टाकली.

चौथ्या रात्री एक वाजता खालून हाक आली. समोरच्या किराणेवाल्यांचा मुलगा होता, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याच्या थोरल्या काकांना दम लागला होता. काकांना माझ्याच दवाखान्यात वीस वर्षे संधिवाताचे औषध चालू होते. मी दार उघडले नाही, वरच्या खिडकीतून बोललो. त्या दिवसांत सगळेच तसे बोलत होते. त्याने विचारले, कुठे सिलिंडर मिळेल का, काही पत्ता आहे का. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. जिन्याखाली हाही पत्ताच होता. तो थोडा वेळ उभा राहिला आणि दुसऱ्या गल्लीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कुठे तरी खाट मिळाली. पाचव्या दिवशी ते गेले.

बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला पाच लिटर दिला तर पाच तास. म्हणजे एक ते सहा, ती रात्र. त्याने ते वाचले असते का? डॉक्टर म्हणून सांगतो, बहुधा नाही. हे गणित मी इतक्यांदा केले आहे की झोपेतही चुकणार नाही. पण ते गणित करून मला जे सिद्ध करायचे असते ते सिद्ध होत नाही, कारण दुसरा आकडाही मला पाठ आहे, ९५. रोगी म्हणून ती बाई माझ्याकडे आली असती तर मी तिला सिलिंडर घ्या म्हटले नसते. उषस्तीच्या भाषेत माझ्याजवळच्या त्या घुगऱ्या नव्हत्या. ते पाणी होते.

जुलैत सिलिंडर परत केला. सील तसेच होते. अनामत पूर्ण मिळाली, आणि ती मोजून घेताना मला बरे वाटले हेही लिहून ठेवतो.

त्या भाद्रपदात पर्युषणानंतर क्षमावाणीला मी दरवर्षीप्रमाणे गल्लीत घरोघर गेलो. त्या घरीही गेलो. हात जोडले, वर्षभरात मनाने, वाणीने, कायेने काही दुखावले असेल तर क्षमा करा म्हणालो. मुलगा माझ्या पाया पडला. त्याची आई म्हणाली की डॉक्टरसाहेब, तुम्ही कसली क्षमा मागता, त्या काळात तुम्ही किती लोकांना फुकट औषधे दिलीत. मी चहा घेतला आणि आलो. आमच्याकडे प्रतिक्रमण म्हणजे शब्दशः मागे येणे, आणि त्याच्या आधी आलोचना असते. आलोचनेत दोष नावानिशी सांगायचा असतो. मी सांगितला नाही. पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

व्याख्यानाच्या दिवशी हे बोलायचे ठरवून गेलो होतो. तिसऱ्या रांगेत आमच्या गल्लीतले दोघे मराठी बसलेले दिसले आणि अण्णाभाऊंवरच दहा मिनिटे जास्त बोललो. आता लिहिले आहे, पण मराठीत. समोरच्या घरात मराठी कोणी बोलत नाही, हे लिहिताना मला माहीत होते, आणि तेवढ्यानेच लेखणी सैल सुटली असणार.

चिटणीस म्हणाले की पुस्तिकेच्या पंचवीस प्रती वक्त्याला मिळतात. एक त्या मुलाला द्यायची आहे. दुकान आता तोच सांभाळतो. अक्षरे त्याला वाचता येतील, ती हिंदीचीच आहेत. अडेल तिथे तो रस्ता ओलांडून मलाच विचारायला येईल.